बाहेरचे लाकडी दार आणि त्याचा संरक्षक लेप



स्मृतिव्याख्यानासाठी साहित्य, इतिहास किंवा समाजकारण यांतील एखादा विषय घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तो मोडून मी आज घराच्या बाहेरच्या दाराला कोणता लेप द्यावा याविषयी बोलणार आहे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांना मात्र ते वाटले नसते. हस्तव्यवसायाच्या तासाला ते दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी वर्गाचे दार बिजागऱ्यांतून उतरवून घेत, बाकांवर आडवे ठेवीत आणि दाराची खालची कड दाखवून विचारीत, "ही कड तुमच्यापैकी कोणी कधी पाहिली आहे काय?" आम्ही कोणीच पाहिलेली नसे. मग त्या कडेला जवसाचे तेल पाजण्याचे काम आमच्याकडे येई. त्या वयात तो आम्हांला खेळ वाटे. त्याचा अर्थ कळण्यासाठी मला स्वतःच्या घराचे दार बिघडवावे लागले.

सप्तापुरातील आमचे घर जुन्या धाटणीचे, मंगळुरी कौलांचे. पुढचे दार सागवानी आणि पश्चिमाभिमुख. घरात लग्नकार्य निघाले, तेव्हा एका दुकानदाराच्या सल्ल्याने त्या दारावर पारदर्शक, चकचकीत रोगणाचे तीन हात चढविले. लग्नाच्या दिवशी दारात येणाऱ्या पाहुण्याला आपले प्रतिबिंब दिसावे, असे ते झाले होते. पहिला पावसाळा निभावला. दुसऱ्या उन्हाळ्यात लेपावर केसासारख्या चिरा दिसू लागल्या, त्यामागून आलेल्या पावसात पांढुरके डाग पडले आणि तिसऱ्या वर्षी सापाने कात टाकावी तसा लेप सुटून लोंबू लागला. खालचे लाकूड काळे पडले होते. शेजारच्या घराचे दार आमच्याच दाराच्या वयाचे. त्याला कित्येक वर्षे तेलाखेरीज काही लागलेले नव्हते. ते फिके, किंचित करडे झाले होते, पण शाबूत होते. आमचे दार खरवडून मूळ लाकडावर आणण्यास दोघांचे आठ दिवस गेले. लेपाची निवड मी तो पहिल्या दिवशी कसा चमकतो यावरून केली होती. तो अखेरीस कसा संपतो, हे पाहून ती करावयास हवी होती. आजच्या माझ्या सांगण्याचे सार एवढेच आहे. पुढील विवेचन हे त्याचे स्पष्टीकरण समजावे.

१. दाराचे शत्रू

बाहेरच्या लाकडाचे मुख्य शत्रू तीन: ऊन, पाणी आणि जीवजंतू. यांतील उन्हाचा विचार आपण सहसा करीत नाही. लाकडाचे तंतू एकमेकांस धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य असते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ते तोडतात. हे किरण लाकडात जेमतेम पापुद्र्याइतके खोल शिरतात. परंतु लेप ज्या थराला चिकटून असतो तो नेमका हाच. पारदर्शक रोगण प्रकाश अडवीत नाही. म्हणून लेप वरून धड दिसत असतानाच त्याच्या खालचे लाकूड भुसभुशीत होते आणि आधार गेल्यामुळे लेप सुटतो. आमच्या दाराचे नेमके हेच झाले होते. रोगण वाईट नव्हते. त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती.

पाण्याचे काम निराळे. लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे पाणी घेते आणि सोडते. हवा कोरडी, म्हणजे आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असली की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी राहते. आर्द्रता पंच्याऐंशीच्या घरात गेली की ते १८ टक्क्यांपर्यंत चढते. या चढउताराबरोबर लाकूड फुगते व आक्रसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतोच, रुंदीत मात्र असतो. साग हे त्या मानाने शांत लाकूड. तरीही तीस सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी या दोन टोकांमध्ये पूर्णपणे गेली, तर कापाच्या दिशेप्रमाणे तीन ते सहा मिलिमीटर हलू शकते. जुन्या सुतारांनी मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत सैल बसविल्या, सरसाने चिकटविल्या नाहीत, त्याचे कारण हेच. जो लेप या हालचालीबरोबर ताणला जाऊ शकत नाही, तो तडकणारच.

बुरशीला ओलावा लागतो. लाकडातील पाणी २० टक्क्यांच्या आत राहिले तर ते कुजत नाही. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्ये निसर्गतःच असतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात आणि कोवळ्या झाडांच्या लाकडात हा पांढरा भाग पुष्कळ असतो. दार विकत घेताना तो पाहून घ्यावा, कारण ही उणीव वरचा कोणताही लेप भरून काढीत नाही. अशा लाकडासाठी दाबाखाली औषध भरण्याची पद्धत आहे. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे मिश्रण लाकडात मुरविण्याची जगभर पसरलेली कृती १९३३ साली देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंटी कामेसन या भारतीय शास्त्रज्ञाने सिद्ध केली. आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या लाकडासाठी ती बंद करण्यात आली. घराच्या दाराला ती आपणही टाळावी हे बरे.

२. आपल्या गावची हवा

घरात मराठी आणि अंगणात कन्नड बोलणाऱ्या आम्हां धारवाडकरांचे गावही असेच दोन प्रदेशांच्या उंबरठ्यावर उभे आहे. पश्चिमेस मलनाड, पूर्वेस बयलुसीमा. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ७५० मीटर, पाऊस वर्षाकाठी साधारण आठशे मिलिमीटर. कोकणात याच्या तिपटीचौपटीने पाऊस पडतो. तेव्हा आपल्याकडे दारांना त्रास कमी, असे कोणासही वाटेल. वस्तुतः आपल्या दारांना दोन्ही टोके सोसावी लागतात. मार्चमधील कोरड्या दुपारी फळ्यांत फटी पडतात आणि जुलैच्या संततधारेत तेच दार चौकटीत अडते.

त्यात दिशेचा भाग मोठा आहे. जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून, वाऱ्यावर स्वार होऊन येतो. मार्च ते मे या महिन्यांत उतरत्या दुपारचे कडक ऊनही पश्चिमेच्याच भिंतीवर पडते. आधी भाजणे आणि मग भिजविणे, अशी पश्चिमेच्या दाराची दैना होते. दक्षिणेच्या दाराची गोष्ट वेगळी. मेच्या आरंभापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो, त्यामुळे त्या काळात दक्षिणेच्या दाराला थेट ऊन फारसे लागत नाही. ते लागते हिवाळ्यात. उत्तरेच्या दाराला ऊन कमी, पण ते वाळतही हळू, म्हणून शेवाळ व काळी बुरशी तेथे आधी धरते. सारांश, एकाच घराच्या दोन दारांना एकच लेप योग्य ठरेल असे नाही.

३. लेपांचे प्रकार

लाखेचे पॉलिश. लाख मद्यार्कात विरघळवून केलेले हे पॉलिश कपाटाला आणि टेबलाला शोभते. पाणी लागले की ते पांढरे पडते, म्हणून बाहेरच्या दाराला ते वर्ज्य समजावे. घरातील सामानासाठी वापरले जाणारे मेलामाइनचे कठीण, ठिसूळ लेपही याच वर्गात घालावेत.

तेल. आपल्याकडील सर्वांत जुना आणि सुलभ उपाय जवसाचा. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. आपल्या भागातील कन्नडमध्ये अगसी म्हणजे जवस आणि अगसी म्हणजेच गावाची वेस. शब्दांचे मूळ एक नसेलही, पण दार आणि त्याचे तेल एका नावाने नांदावे हा योग सुखद आहे. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन ते घट्ट होते. कच्चे तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात. म्हणून त्यात शोषक द्रव्ये घालून तयार केलेले तेल वापरतात. रंगारी त्यालाच बेलतेल म्हणतात. तेल लाकडात मुरते, वर जाड पापुद्रा धरीत नाही, म्हणून ते सोलून निघत नाही. ते केवळ झिजते. दोषही आहेत. ते ऊन अडवीत नाही, पाणी फार काळ रोखीत नाही आणि दमट जागी त्यावर काळी बुरशी धरते. त्याचे नूतनीकरण मात्र एका दुपारचे काम आहे: धुणे, वाळविणे, फडक्याने पुन्हा एक हात देणे. खरवडणे नाही, जाळणे नाही.

पारदर्शक रोगण. यांतील बाहेरच्या उपयोगाचे रोगण मूळचे जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी तयार झाले. त्यात तेलाचे प्रमाण अधिक असल्यामुळे ते काहीसे लवचीक राहते. अलीकडे त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्येही घालतात. लाकडाच्या रेषा यात सर्वांत सुंदर दिसतात. मात्र उघड्यावर त्याला वर्षा-दोन वर्षांनी, पहिली चीर पडण्यापूर्वीच, हलके घासून नवा हात द्यावा लागतो. ती वेळ चुकली की सारे मुळापासून करणे आले. पॉलियुरेथेनचे दोन भाग मिसळून लावायचे रोगण अधिक कठीण व टिकाऊ असते; पण एखाद्या सांध्यातून पाणी आत गेले की ते बाहेर पडू देत नाही आणि ते काढून टाकणे फार जिकिरीचे होते.

रंगद्रव्ययुक्त पारभासक लेप. तेलाच्या किंवा पाण्याच्या पायात थोडे रंगद्रव्य, बहुधा गेरूच्या जातीचे लोहाचे सूक्ष्म कण, मिसळलेले असते. हे कण उन्हाला अडवितात, लाकडाच्या रेषा मात्र पुसट का होईना दिसत राहतात. पातळ जातीचा हा लेप पापुद्रा धरीत नाही आणि तेलाप्रमाणेच सौम्यपणे झिजतो. ज्यांना लाकूड दिसावयास हवे आणि दार उन्हात आहे, त्यांच्यासाठी हा मधला मार्ग मला सर्वांत समंजस वाटतो.

तैलरंग व ॲक्रिलिक रंग. संरक्षणाच्या दृष्टीने रंगासारखे दुसरे काही नाही, कारण त्यातील रंगद्रव्य ऊन पूर्णपणे अडविते. जुन्या घरांची बाहेरची कवाडे हिरव्या-निळ्या रंगांची का असत, याचे उत्तर यात पुष्कळसे मिळते. चकचकीत तैलरंग वर्षांबरोबर कठीण होत जातो व तडकतो. बाहेरच्या उपयोगाचा ॲक्रिलिक रंग लवचीक राहतो आणि आतील वाफ थोडीफार बाहेर जाऊ देतो. गडद रंग उन्हात फार तापतात, म्हणून पश्चिमेच्या दाराला फिकट छटा बरी. रंगाने लाकूड झाकले जाते, ही त्याची किंमत.

किनारपट्टीवर होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची रीत होती. ते लाकूड राखते खरे, पण कातडी भाजते. ज्या दाराला मुलांचे हात लागतात, तेथे त्याचा विचार करू नये.

४. निवड कशी करावी

डब्यावरील जाहिरात वाचण्यापूर्वी दारासमोर उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. दारावर थेट पाऊस येतो काय? दिवसातून किती तास ऊन पडते? आणि पुढील दहा वर्षे त्याची देखभाल कोण करणार?

दार पडवीच्या किंवा व्हरांड्याच्या आत असेल, तर बेलतेल पुरेसे आहे. पहिल्या वर्षी तीन-चार हात, पुढे वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी. कोरीव गणेशपट्टी असलेल्या जुन्या दाराला तर तेलाखेरीज काही लावूच नये, कारण नक्षीच्या खोबणींतून सुटलेले रोगण काढताना नक्षीच झिजते. दार पूर्वेस किंवा दक्षिणेस असून वर पुरेसा छज्जा असेल, तर रंगद्रव्ययुक्त पारभासक लेप द्यावा. वेळेवर नवा हात देण्याची शिस्त घरात असेल तर बाहेरचे रोगणही चालेल. दार पश्चिमेस आणि उघडे असेल, तर रंग द्यावा. त्याहून उत्तम म्हणजे आधी वर छज्जा काढावा. पागोळ्यांचे पाणी आणि उतरते ऊन दारापासून दूर ठेवणाऱ्या त्या दोन-अडीच फुटांच्या छपराइतके काम डब्यातला कोणताही लेप करीत नाही.

घरी वृद्ध माणसेच असतील आणि मुले परगावी, तर प्रतिवर्षी हात मागणारा लेप निवडणे म्हणजे दाराला आश्वासन देऊन ते मोडणे होय. अशा ठिकाणी रंगच बरा.

५. लावण्याची रीत

फेब्रुवारी ते एप्रिल हा आपल्याकडे कामाचा काळ, कारण त्या वेळी लाकूड कोरडे असते. ओल्या लाकडावर दिलेला लेप ओल आत कोंडून ठेवतो. दार चौकटीतून उतरवावे. जुना सुटा लेप काढून लाकडाच्या रेषेच्या दिशेने पॉलिशकागदाने घासावे. करडा, भुसभुशीत थर राहू देऊ नये. साग स्वभावतः तेलकट असल्यामुळे रोगण किंवा रंग देण्यापूर्वी थिनरमध्ये बुडविलेल्या फडक्याने पुसून घ्यावे, नाहीतर लेप धरत नाही. रंग द्यावयाचा असेल तर आधी अस्तर, मग भेगांत लांबी, मग पुन्हा अस्तर आणि शेवटी रंगाचे दोन हात, असा क्रम ठेवावा. काम सावलीत करावे.

दाराच्या सहाही बाजूंना लेप मिळाला पाहिजे. केवळ बाहेरची बाजू रंगविली तर आतली बाजू ओल घेत राहते आणि दार वाकते. सर्वांत महत्त्वाची ती खालची व वरची कड. तेथे उभ्या लाकडांची तोंडे उघडी असतात आणि सपाट पृष्ठभागापेक्षा ती कितीतरी पट वेगाने पाणी ओढतात. दार कुजण्यास आरंभ बहुधा तेथूनच होतो. या कडांना तेल पिणे थांबेपर्यंत पाजावे किंवा अस्तराचे तीन हात द्यावेत.

येथे एका नेहमीच्या चुकीचा उल्लेख करतो. जुलैत दार अडते, म्हणून आपण सुताराला बोलावून कडेला रंधा मारून घेतो. मार्चमध्ये तेथे बोट जाईल एवढी फट दिसते. शिवाय रंधा मारलेली कड कोरीच राहते, ती पुढच्या पावसात अधिक पाणी पिते आणि दार पुन्हा अडते. अडलेले दार शक्य तो कोरड्या दिवसांपर्यंत तसेच सोसावे, मग बेताने रंधा मारावा आणि त्याच दिवशी त्या कडेला लेप द्यावा.

लेप संपत आला हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे पाणी. दारावर ओंजळभर पाणी शिंपडावे. थेंब मोत्यांसारखे ओघळले तर लेप शाबूत आहे. पाणी पसरून मिनिटभरात लाकूड काळसर झाले, तर वेळ आली असे समजावे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ही परीक्षा घेण्याचा नेम ठेवला, तर मोठा खर्च सहसा येत नाही.

६. दोन सावधगिऱ्या

पहिली जुन्या रंगाविषयी. पूर्वीच्या तैलरंगांत शिशाचा सफेदा असे, अस्तरात शेंदूर असे. दोन्ही शिशाचीच संयुगे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले व १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आले. त्याआधीचा रंग असलेले दार कोरडे घासू नये, दिव्याने जाळू तर मुळीच नये. पाणी मारून ओले खरवडावे, तोंडाला फडके नव्हे तर योग्य मुखपट्टी बांधावी, कीस गोळा करून बंद पिशवीत टाकावा, आणि काम संपेपर्यंत लहान मुले व गर्भवती स्त्रियांना तेथे फिरकू देऊ नये. शिशाने मुलांच्या बुद्धीची होणारी हानी भरून येत नाही. दाराच्या सौंदर्यापायी ती किंमत कोणी मोजू नये.

दुसरी तेलाच्या फडक्यांविषयी. जवसाचे तेल प्राणवायू घेताना उष्णता सोडते. तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. ती एकेक पसरून उघड्यावर वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत.

७. समारोप

एकेकाळी सदर्न मराठा रेल्वेची मुख्य कचेरी आपल्या धारवाडला होती. तिच्यासाठी उभारलेल्या वास्तूत पुढे कर्नाटक महाविद्यालय आले आणि त्याच्या आसमंतात सप्तापूरची वस्ती वाढली. दांडेली-हल्याळच्या रानांतला साग अळणावरच्या वाटेने रेल्वेने येई, त्या काळातील दारे आजही आपल्या काही घरांना आहेत. जुनी घरे पाडली जातात तेव्हा ती दारे खालून कुजली आहेत, एवढ्याच कारणावरून मोडीत निघतात. पुष्कळदा कुजलेली असते ती खालची चार बोटे. एखादा जाणता सुतार तेवढा तुकडा कापून नवा सांधू शकतो; वरचे सहा फूट लाकूड आपल्या नातवंडांनाही पुरेल असे असते. तसे लाकूड आज सहजी विकत मिळत नाही.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. घरी गेल्यावर आपल्या दाराच्या खाली एक छोटा आरसा सरकवून ती कड पाहावी. कोरी दिसली, तर येत्या कोरड्या दिवसांत दार उतरवावे आणि घरातील एखाद्या मुलाच्या हाती तेलाचे फडके द्यावे. गुरुजींचे स्मरण याहून चांगल्या रीतीने कसे करावे, हे मला तरी ठाऊक नाही.